घोड्याला टप्प्याटप्प्याने शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडा नुकताच घेतलेले, घेऊ पाहणारे आणि आहे त्या घोड्यापुढे हात टेकलेले लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर निदान प्रश्न ३ आणि ५ वाचाच, कारण बाकीची निम्मी उत्तरं त्या दोहोंवर उभी आहेत.

१. नॅचरल हॉर्समनशिप म्हणजे नेमकं काय? नेहमीच्या पद्धतीपेक्षा ती वेगळी कशी?

घोडा कळपात राहणारा आणि धोका दिसताच पळ काढणारा प्राणी आहे. त्याच्या या स्वभावाशी भांडत न बसता, घोडे एकमेकांशी ज्या खुणांनी बोलतात त्यांच्या आधाराने त्याला शिकवायचं, असा या नावाचा अर्थ. आपली उभं राहण्याची पद्धत, अंतर, नजर, हातातला दोर यांतून आपण घोड्याला काहीतरी विचारतो आणि त्याने बरोबर उत्तर दिलं की विचारणं थांबवतो. जुनी रीत घोड्याला बांधून, थकवून, मारून त्याचा विरोध मोडून काढण्याची होती. मराठीत घोडा शिकवणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. त्या शब्दात चाबूक आधी येतो, स्वार नंतर.

घोड्याशी रागाने वागू नये, हे इ.स.पू. चौथ्या शतकातल्या झेनोफॉन या ग्रीक सेनानीने लिहून ठेवलं आहे. आजची पद्धत मात्र मुख्यतः विसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या पश्चिम भागातून आली. टॉम आणि बिल डोरन्स हे भाऊ आणि टॉमकडून शिकलेला रे हंट ही त्यातली मोठी नावं. पुढे मॉन्टी रॉबर्ट्स आणि पॅट पॅरेली यांनी ती जगभर नेली.

‘नॅचरल’ या शब्दाला मात्र भुलू नका. घोड्याच्या पाठीवर आपणहून झेप घेतं ते शिकारी जनावर. आपण त्याच जागी बसू द्यायला सांगतो आहोत, हे दर वेळी लक्षात ठेवून कामाला लागावं.

२. माझा घोडा साध्या साध्या गोष्टींना का बुजतो? मुद्दाम करतो का?

मुद्दाम करत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला सभोवतालचं जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी समोरचं, नाकाखालचं आणि शेपटीच्या थेट मागचं. म्हणजे आपण सरळ समोरून कपाळाकडे हात नेतो, तेव्हा तो हात जवळ आल्यावर त्याच्या नजरेतून नाहीसा होतो. खांद्याच्या दिशेने, थोडं तिरकं, बोलत बोलत जावं. मागून जायचंच असेल तर आधी आवाज द्या आणि पुठ्ठ्यावर, म्हणजे शेपटीच्या वरच्या मांसल भागावर, हात ठेवूनच वळसा घाला.

उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दारात अडलेल्या घोड्याला आपण हट्टी ठरवतो, पण त्याच्यासमोर त्या क्षणी काळोखाची भिंत असते. क्षणभर थांबा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं.

आणि तो तुमचं अंग वाचतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करतो म्हणून गाजला होता. खूर आपटून तो उत्तर देई. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की समोरच्या माणसाचं डोकं, चेहरा नकळत किंचित हलत असे आणि हान्स ते टिपून थांबत असे. विचारणाऱ्या माणसाला स्वतःला जे कळलं नाही, ते घोड्याला दिसलं. तुमचा श्वास अडकला, खांदे ताठले, तर तुमच्या घोड्यालाही ते तसंच दिसणार आहे.

३. दाब आणि सोड म्हणजे काय? सगळे याच्यावरच का येतात?

कारण घोडा शिकतो तो सोडण्याच्या क्षणी. दाब म्हणजे त्याला थोडं गैरसोयीचं वाटेल असं काहीही: दोरीचा ताण, बोटाचा स्पर्श, तुमचं एक पाऊल पुढे येणं, नुसती रोखलेली नजर. दाबामुळे तो काहीतरी करून पाहतो. यातल्या ज्या कृतीनंतर दाब गेला, ती कृती त्याच्या लक्षात राहते.

आजच करून पाहा. घोड्यापाशी जरा बाजूला उभे राहा आणि छातीवर, खांद्याच्या सांध्याच्या आतल्या खळगीत, दोन बोटं टेकवा. आधी माशी बसल्याइतकं हलकं. तीन आकडे मोजा. काही झालं नाही तर किंचित जास्त, पुन्हा तीन आकडे, मग आणखी थोडं. एकदम ढकलू नका, आणि वाढवलेला दाब मध्येच कमीही करू नका. बहुतेक घोडे आधी तुमच्याच अंगावर रेलतात. मग एक कान तुमच्याकडे वळतो. मग पाय जागचा हलायच्या आधी छातीचं वजन केसभर मागे सरकतं. बोटाखाली ते जाणवतं. त्याच क्षणी बोटं काढून घ्या आणि एक पाऊल मागे होऊन गप्प उभे राहा. दहा-पंधरा सेकंद काहीही मागू नका. चार-पाच वेळा असं झालं की पाय आपोआप मागे जाऊ लागतो, आणि काही दिवसांनी बोट टेकायच्या आधीच.

उलटी बाजूही ध्यानात घ्या. घोड्याने मान झटकली आणि तुमच्या हातातला दोर ढिला झाला, तर मान झटकणं हे बरोबर उत्तर आहे असं तुम्ही त्याला शिकवलंत. माझ्याकडे ‘हट्टी’ म्हणून आलेले बहुतेक घोडे फार चांगले विद्यार्थी होते. त्यांना चुकीच्या क्षणी सोडलं गेलं होतं, एवढंच.

४. सुरुवातीला काय काय साहित्य लागतं?

फार थोडं. दोरीची नीट बसणारी म्होरकी, साधारण १२ फुटांचा जरा वजनदार दोर, पुढच्या कामासाठी २२ फुटांचा आणखी एक, चार फुटांची ताठ काठी, खरारा, तुमच्यासाठी हेल्मेट आणि जाड बूट. काठी ही हाताची लांबी वाढवण्यासाठी असते. तिने घोड्याच्या अंगभर खाजवता आलं पाहिजे. काठी पाहून घोडा दूर पळत असेल, तर तिचा वापर चुकतो आहे.

दोन गोष्टी जीवावर बेतणाऱ्या आहेत. दोर हाताला कधीही गुंडाळू नका. घड्या करून मुठीत धरा, नाहीतर घोडा उधळल्यावर बोटं जातात. आणि दोरीची म्होरकी घालून घोड्याला मोकळा सोडू नका किंवा बांधून निघून जाऊ नका. ती तुटत नाही. कुठे अडकली तर मान दुखावते.

५. शिकवण्याचा क्रम कसा असावा? कुठल्या टप्प्यावरून पुढे कधी जायचं?

मी ज्या क्रमाने जाते तो सांगते.

आधी सहवास आणि स्पर्श. घोड्याला हवं असताना जवळ येता यावं आणि नको असताना दूर जाता यावं, इतक्या मोकळ्या जागेत त्याच्या अंगावर सगळीकडे हात फिरला पाहिजे: कानांच्या मुळाशी, पोटाखाली, शेपटीच्या आत, खुरांपर्यंत. कुठे कातडी थरथरते, कुठे श्वास थांबतो याची मनात नोंद ठेवा. पुढे अडचण बहुधा तिथेच येते.

मग दोरीला नमणं. टाळूवर हलका हात ठेवल्यावर डोकं खाली, दोर बाजूला घेतल्यावर मान वळवून नाक खांद्याकडे. हे दिसायला किरकोळ आहे, पण पुढे लगाम म्हणून जे काही आपण वापरणार त्याची बाराखडी हीच.

त्यानंतर पाय. मागे सरकणं, पुठ्ठा बाजूला नेणं, खांदा बाजूला नेणं. यातलं पुठ्ठ्याचं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. घोड्याची सगळी ताकद मागच्या पायांतून येते. एक मागचा पाय दुसऱ्याच्या पुढून आडवा गेला की तेवढ्यापुरता इंजिनाचा पट्टा निघाल्यासारखं होतं. घाबरलेल्या घोड्याला थांबवण्याचा तुमच्याकडचा खरा उपाय तोच आहे (प्रश्न ११).

पुढे तेच सगळं लांबून: वर्तुळात पाठवणं, दिशा बदलणं, भिंत आणि तुमच्यामधल्या अरुंद जागेतून जाणं, आडवं चालणं. मग अनोळखी वस्तू (प्रश्न ८). मग खोगीर, तंग (खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा) आणि रिकिबींचा पोटाला होणारा स्पर्श. सगळ्यांत शेवटी स्वार.

पुढे कधी जायचं याचा माझा नियम असा: सगळ्यांत हलक्या खुणेवर, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंनी, नेहमीची जागा सोडून दुसरीकडेही, सलग तीन दिवस काम जमलं तर पुढे. ‘बहुतेक वेळा जमतं’ याचा अर्थ अजून जमत नाही. एखादी पायरी गाळली की ती पुढे कुठेतरी आडवी येते, आणि तोवर तुम्ही जमिनीवर नसून पाठीवर असता.

६. रोज किती वेळ शिकवावं?

नव्या गोष्टीसाठी पंधरा-वीस मिनिटं पुरतात. त्यात थांबून उभं राहण्याचाही वेळ धरा. काम चांगलं झालं की तिथेच थांबा, ‘आणखी एकदा’चा मोह टाळा. आठवड्यातून चार-पाच दिवस झाले तरी भरपूर, आणि मध्ये दोन दिवस सुटी गेली म्हणून घोडा काही विसरत नाही. कित्येकदा सुटीनंतर तो जास्त सुटसुटीत काम करतो.

उपाशी घोड्याला कामाला लावू नका. त्याच्या पोटात आम्ल सतत तयार होत असतं, चरत असो वा नसो. आधी थोडा चारा द्यावा.

७. गोल रिंगणात घोडा पळवला की शेवटी तो आपणहून मागे मागे चालायला लागतो, असं पाहिलं. मीही तसं करू का?

ही रीत मॉन्टी रॉबर्ट्सच्या ‘जॉइन-अप’मुळे प्रसिद्ध झाली. जाणत्या माणसाच्या हातात ती काही मिनिटांत संपते, कारण तो घोड्याच्या पहिल्या लहानशा खुणेलाच दाब काढून घेतो. नवख्या माणसाच्या हातात मात्र घोडा घामाने निथळेपर्यंत धावत राहतो.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात करणाऱ्याने हे करू नये. बंद रिंगणात पळवलेल्या घोड्याला अखेरीस तुमच्या जवळची जागाच तेवढी दाबाविना मिळते, म्हणून तो तिथे येतो. ते प्रेम आहे असं समजून पुढची बांधणी केली, तर मोकळ्या माळावर पहिल्याच दिवशी ती ढासळते. तोच घोडा १२ फुटांच्या दोरावर, चालत्या गतीने, न पळता तुमच्याकडे वळायला शिकतो. रिंगण नसलं तरी काही अडत नाही. असलंच तर १५ ते १८ मीटर व्यासाचं बरं, त्याहून लहान वर्तुळात सांध्यांवर ताण येतो.

जोडून येणारा दुसरा प्रश्न: घोडा जीभ फिरवतो, चघळल्यासारखं करतो, म्हणजे त्याला समजलं का? तसं धरून चालू नका. ताणात तोंड कोरडं पडतं आणि ताण ओसरला की पुन्हा ओलं होतं. चघळणं हे बहुधा त्याचं लक्षण. मला ती खूण उपयोगी वाटते, पण ती पाहिल्यावर मी असाही प्रश्न विचारते की मघाशी इतका ताण का आला होता.

८. पिशवी, छत्री, ताडपत्री यांची भीती कशी घालवायची?

पुढे जाऊन मागे येण्याने. पिशवी काठीला बांधा आणि घोडा नुसता कान टवकारतो, पण पाय हलवत नाही, इतक्या अंतरावर हलवा. हलवत राहा. तो स्थिर राहिला, डोकं किंचित खाली आलं, श्वास सोडला, की पिशवी खाली घ्या आणि पाठ फिरवा. मग हातभर जवळून पुन्हा. आणखी चांगला उपाय म्हणजे पिशवी घेऊन तुम्ही पुढे चाला आणि घोडा मागून येऊ दे. जी वस्तू त्याच्यापासून दूर पळते, तिची भीती लवकर जाते.

घोडा दचकून मागे सरला आणि तुम्ही घाबरून पिशवी लपवलीत, तर पळाल्यावर राक्षस जातो हे तो शिकला. म्हणून मुळात इतकं जवळ जायचंच नाही की तो पळेल.

घोड्याला बांधून त्याच्यावर ताडपत्री टाकणं आणि तो थकून गप्प होईपर्यंत वाट पाहणं, हे कृपा करून कुणीही करू नये. त्याचा परिणाम प्रश्न १६ मध्ये सांगितला आहे.

डावीकडून झालं की उजवीकडून सगळं पहिल्यापासून. एका बाजूने ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूने दिसली की पुष्कळ घोडे नव्याने बुजतात.

९. खाऊ देऊन शिकवलं तर चालतं का?

चालतं. योग्य क्षणी दिलेला खाऊ दाब-सोडीइतकाच स्पष्ट असतो, आणि औषध पाजणं किंवा सुई टोचून घेणं अशा नावडत्या कामांना तर मी तोच वापरते. अट एकच: खाऊ मिळण्यासाठी नाक स्वतःच्या छातीसमोर सरळ हवं. खिशाशी हुंगलं, चावरेपणा केला, तर काही मिळत नाही. हात घोड्याच्या तोंडाशी न्या, त्याला तुमच्या अंगाशी येऊ देऊ नका.

१०. पाठीवर बसायला घोडा किती वर्षांचा हवा? वजन किती चालतं?

बाहेरून वाढलेला दिसला तरी आतून तो तयार नसतो. पुढच्या गुडघ्याजवळची वाढीची टोकं साधारण अडीच वर्षांच्या सुमारास जुळतात, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षं उलटली तरी चालू असते. आपण बसतो ते नेमकं तिथे. म्हणून प्रश्न ५ मधली जमिनीवरची सगळी कामं तिसऱ्या वर्षात हळूहळू करावीत, चौथ्यात थोडा वेळ हलकं बसणं, आणि नेटाची स्वारी त्यानंतर. याला उशीर म्हणत नाहीत. हा घोडा विसाव्या वर्षीही चालता राहावा असं वाटत असेल, तर हीच वाट.

वजनासाठी सर्रास वापरला जाणारा अंदाज असा: स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत. ४०० किलोच्या घोड्यावर सगळं मिळून ८० किलो. कोवळ्या, म्हाताऱ्या किंवा अशक्त घोड्यासाठी त्याहून कमी.

११. पहिल्यांदा पाठीवर बसताना काय काळजी घ्यावी?

पहिला दिवस कंटाळवाणा गेला पाहिजे. ओट्यावर उभं राहून घोड्याला खाली, आपल्यापाशी आणून उभं करा. पाठीवर हात, मग कोपर, मग पोटावर आडवं पडून वजन. प्रत्येक वेळी तो निश्चिंत असतानाच खाली उतरा. पाय पलीकडे टाकण्याआधी मान डावीकडे आणि उजवीकडे हलक्या हाताने वळते का ते पाहा. बसल्यावरही पहिलं काम तेच: उभ्या उभ्या एक लगाम जवळ घ्या, नाक तुमच्या गुडघ्याकडे आलं की सोडा.

एका लगामाने थांबवणं याला म्हणतात. मान वळली की पुठ्ठा बाजूला जातो आणि वेग मोडतो. हे चालीत, मग दुडकीत पक्कं करा. मात्र भरधाव निघालेल्या घोड्याची मान एकदम खेचू नका, तोल जाऊन तो तुमच्यासकट पडू शकतो. अशा वेळी वर्तुळ हळूहळू लहान करत आणावं.

१२. कडियाळ वापरावं की नको?

कडियाळ म्हणजे लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा लोखंडी भाग. जमिनीवर दोरीला नमणारा घोडा बिनकडियाळ उत्तम चालतो. म्होरकीवर न थांबणारा घोडा मात्र कडियाळाने ‘काबूत’ आला, तर त्याचं कारण वेदना असते. वापरायचं ठरवलंत तर आधी दात तपासून घ्या. अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान दुधाचे दात पडत असतात, आणि काही घोड्यांना दाढांच्या पुढे एक लहानसा जास्तीचा दात असतो, ज्याच्याशी कडियाळ घासतं. बिनकडियाळ साधनही आवळून बांधलं तर नाकाच्या हाडावर तितकंच दुखतं. साधनापेक्षा हात पाहावा.

१३. काल सगळं जमत होतं, आज काहीच करत नाही. असं का?

आधी दुखणं शोधा. खोगिराखाली घामाचे पट्टे दोन्हीकडे सारखे आहेत का, मध्येच कोरडा डाग आहे का? पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं फिरवताना तो पाठ खाली घालतो का? तंग आवळताना चावायला येतो का? दात, खूर, पोटातले व्रण ही ठरलेली कारणं. विश्रांतीत नाडीचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. आपल्या घोड्याचा नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवला, तर वेगळं काही झालं की लगेच कळतं. शंका आली की पशुवैद्याला बोलवा, शिकवणं बंद ठेवा.

दुखणं नसेल, तर दोन पायऱ्या मागे जा आणि त्याला सोपं जमणारं काम मागा. आणि स्वतःलाही विचारा, आज आपली खूण कालच्यासारखीच आहे ना?

१४. मागचा पाय उचलू देत नाही, लाथ मारतो. काय करू?

यावर मला एका कुमैत (तांबूस-तपकिरी, काळ्या आयाळीच्या) घोडीने शिकवलं. ती आली तेव्हा आठ वर्षांची होती. आधीच्या ठिकाणी नाल ठोकताना तिचा मागचा पाय दोराने वर ओढून बांधत. डाव्या मांडीवर हात ठेवला की तिची शेपूट दोन पायांत घट्ट चिकटायची.

मी पुठ्ठ्यावर उलटा हात ठेवून खाली सरकवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी मांडीच्या मध्यावर कातडी लाटेसारखी थरथरली. हात तिथेच ठेवला. पुढे नेला नाही, काढलाही नाही. साधारण अर्ध्या मिनिटाने हाताखालचा स्नायू लोण्यासारखा सैल झाला आणि तिने फुरफुरून नाक मोकळं केलं. तेव्हा हात काढला. चौथ्या दिवशी मला घाई झाली. घोट्यापर्यंत एकदम गेले आणि मांडीवर लाथ बसली. ती चूक सर्वस्वी माझी होती, तिने आधी दोनदा शेपूट झटकून सांगितलं होतं. त्यानंतर आठवडाभर मी लांब काठीला मऊ कापड गुंडाळून तेच काम केलं. अकराव्या दिवशी खूर आपणहून टोकावर आला. मी तो उचललाच नाही, नुसता हात लावून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी उचलला, दोन सेकंद धरला, आणि ती ओढण्याआधी मी स्वतः खाली ठेवला.

हेच सगळं तंत्र आहे. पाय तिने हिसकावून घेण्याआधी तुम्ही परत द्यायचा. दोन सेकंदांचे पाच, पाचांचे दहा. म्हाताऱ्या घोड्यांत सांधे दुखत असल्यानेही पाय वर धरवत नाही, तेव्हा तो कमी उंचीवर धरा.

१५. गाडीत चढायला तयार होत नाही.

गाडीचं काम गाडीत करू नका. आधी जमिनीवरच्या फळीवर पाय ठेवणं, अरुंद जागेतून जाणं, फळीवरून मागे सरकणं एवढं होऊ द्या. प्रवासाच्या दिवशी शिकवायला जाऊ नका, महिनाभर आधी सुरू करा. गाडी उजेडाकडे तोंड करून उभी करा आणि पुढचं दार उघडा (काळोखाचं कारण प्रश्न २ मध्ये आहे).

एक पाय फळीवर आला की लगेच बाहेर घ्या. लोकांना हे उलट वाटतं: मोठ्या मुश्किलीने पाय पडला आणि परत काढायचा? पण आत जाऊन बाहेर येता येतं हे कळलेला घोडाच न घाबरता आत जातो. मागून ढकलाढकली, झाडूने मारणं, चार माणसांनी दोर लावणं यातून चढलेला घोडा पुढच्या वेळी दुप्पट अडतो.

१६. माझा घोडा आता कशालाच विरोध करत नाही. म्हणजे शिक्षण पूर्ण झालं का?

त्याचे डोळे आणि कान पाहा. शांत घोड्याचे कान इकडेतिकडे वळत असतात, तो माशी हाकलतो, तुम्ही आलात की मान वळवतो, मधूनच कुतूहलाने काहीतरी हुंगतो. नजर एका जागी गोठलेली, कान निश्चल, ओठ आवळलेले, स्पर्शाला काहीच उत्तर नाही, असं असेल तर तो घोडा शांत नसून खचलेला आहे. काहीही केलं तरी दाब जात नाही हे कळल्यावर त्याने प्रयत्न सोडून दिला आहे. असा घोडा एखाद्या दिवशी कसलीही पूर्वसूचना न देता उधळतो, कारण सूचना देऊन उपयोग नाही हे तो शिकलेला असतो.

उपाय वेळखाऊ आहे. काही आठवडे कसलंही काम नको. इतर घोड्यांची सोबत, चरायला मोकळीक. नंतर प्रश्न ३ मधला बोटाचा प्रयोग, आणि कान हलला तरी सोड. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क त्याला परत मिळाला पाहिजे. तो पुन्हा थोडा विरोध करू लागला, तर मला आनंद होतो.

१७. आई नसलेलं शिंगरू बाटलीने वाढवलं. आता अंगावर येतं, चावतं. लळा लावून चूक झाली का?

वाढवण्यात चूक नव्हती, पण त्याला घोडा कसा असतो ते सांगणारं कुणी मिळालं नाही. भीती नसल्यामुळे इतर घोड्यांवर लागू होणारा सौम्य दाब त्याला जाणवतच नाही. माणूस म्हणजे त्याच्या लेखी खेळगडी, आणि शिंगरं खेळताना चावतात, दोन पायांवर उभी राहतात. लवकरात लवकर त्याला समजूतदार मोठ्या घोडीसोबत ठेवा. ती आठवड्यात जे शिकवेल ते आपल्याला वर्षात जमणार नाही.

तुमच्या बाजूने एक स्पष्ट अंतर ठरवा: दोरासकट हात पसरल्यावर जेवढं वर्तुळ होईल त्याच्या आत बोलावल्याशिवाय यायचं नाही. आलं तर दोर ठामपणे हलवून मागे. इथे दाब पटकन वाढवावा लागतो, आणि तो मागे सरकताच तितक्याच पटकन सोडावाही लागतो. हाताने भरवणं बंद. वछेरा (नर शिंगरू) असेल तर वर्षाचा होण्याआधी हे पक्कं करा.

१८. घोडा एका डोळ्याने आंधळा आहे. शिकवता येईल?

येईल, आणि असे घोडे आवाजाला फार तत्पर होतात. दिसणाऱ्या बाजूचं काम नेहमीसारखं. आंधळ्या बाजूने जाताना प्रत्येक वेळी तोच शब्द उच्चारा, मग हात, मग खूण. शब्द गाळू नका. वळताना तो डोकं जास्त वळवेल, कारण चांगल्या डोळ्याने त्याला पाहायचं असतं, त्याला सरळ करायला जाऊ नका.

१९. दोन पायांवर उभा राहतो. यावर घरच्या घरी उपाय आहे का?

नाही. पाठीवर असताना तसं होत असेल तर उतरा आणि पुन्हा बसू नका. आधी पशुवैद्याकडून पाठ, दात, तोंड तपासा, मग अनुभवी माणसाची समोरासमोर मदत घ्या. लेखी सल्ल्यावर हे काम करू नये. जाणारा घोडा पुढे जाऊ शकला नाही, म्हणजे पायाने ‘जा’ आणि लगामाने ‘थांब’ असं एकाच वेळी सांगितलं गेलं, की कित्येक घोडे वर जातात. निदान तेवढं तरी तुमच्याकडून होत नाही ना, ते कुणाला तरी बाजूला उभं करून पाहायला सांगा.

२०. मोठा घोडा विकत घेतला. आधी काय शिकवलंय कुणालाच नीट सांगता येत नाही. कुठून सुरू करू?

प्रश्न ५ मधल्या पहिल्या पायरीपासून, तो कितीही शिकलेला दिसला तरी. येणारी कामं तो झरझर करून दाखवेल, एकेका पायरीला दहा मिनिटंही लागणार नाहीत. मग एखाद्या ठिकाणी कान मागे जातील, श्वास थांबेल, पाय रुतल्यासारखे होतील. बऱ्याचदा ती जागा अगदीच अनपेक्षित निघते: उजव्या बाजूने म्होरकी घालणं, पोटाखालून जाणारा तंग, पाठीमागून चालणारा माणूस. तिथे थांबा, दोर ढिला सोडा आणि त्याला श्वास घेऊ द्या. त्याच्यापुरती सुरुवात तिथून आहे.